फोन मराठीत केला आणि ॲपने तारीख नाकारली

लोकलमध्ये हेडफोन लावून ऐकलं असेल तरी हा भाग एकदा इथे वाचूनही काढा. कारण आज मी सारखं 'मोठा एम', 'छोटा एम' असं म्हणणार आहे आणि ते नुसत्या कानाने पकडायला जड जातं. मोठा म्हणजे कॅपिटल, छोटा म्हणजे स्मॉल. आणखी एक गोष्ट. या पानावर सगळे आकडे देवनागरीत छापलेले आहेत. आजच्या विषयात आकडा देवनागरी आहे की इंग्रजी वळणाचा यावरूनच सगळं रामायण घडतं, त्यामुळे जिथे फरक पडतो तिथे मी तसं सांगेन.

तर, तारीख पार्स करणं. ॲपला किंवा सर्व्हरला जी तारीख येते ती मुळात तारीख नसतेच. ती अक्षरांची माळ असते, स्ट्रिंग. शून्य, पाच, तिरकी रेघ, शून्य, सहा, असं काहीतरी. त्यातला कुठला तुकडा दिवस, कुठला महिना, कुठला वर्ष हे ओळखायचं आणि तिची खरीखुरी तारीख बनवायची, म्हणजे तिच्यात दहा दिवस मिळवता येतील, दोन तारखांमधलं अंतर काढता येईल. हे झालं पार्सिंग. आणि कुठला तुकडा कशाचा हे सांगणारा जो नकाशा आपण प्रोग्रामला देतो तो फॉरमॅट पॅटर्न.

नकाशा दिला नाही तर काय होतं? मी तुर्भ्यात राहते. स्टेशनच्या एका अंगाला एपीएमसीची मार्केटं, दुसऱ्या अंगाला एमआयडीसी. एपीएमसीतल्या कुठल्याही गाळ्यावर जा आणि ०५/०६/२०२४ लिहिलेला कागद दाखवा. दिवाणजी, तोलणार, माथाडी, चहावाला, सगळे पाच जूनच म्हणतील. ब्राउझरमधल्या जावास्क्रिप्टला तीच स्ट्रिंग नुसती द्या, ती म्हणेल सहा मे. तिने अमेरिकन पद्धत धरलेली असते, महिना आधी. एरर नाही, वॉर्निंग नाही, काही नाही.

इथे एक गणित करून बघा, मजा येते. दिवस १ ते १२ मधला असेल तर तो महिना म्हणूनही खपतो. म्हणजे वर्षातल्या १४४ तारखा अशा आहेत ज्या उलट वाचल्या तरी 'बरोबर' दिसतात. त्यातल्या १२ तारखा (१ जानेवारी, २ फेब्रुवारी, ३ मार्च वगैरे) उलट वाचूनही खरोखर तीच तारीख येते. उरल्या १३२. या १३२ दिवशी प्रोग्राम गुपचूप चुकीची तारीख घेतो. बाकीच्या दिवशी तेरावा महिना नसल्यामुळे तो ओरडतो तरी. म्हणजे टेस्टिंग २० तारखेला केलं तर बग दिसेल, ६ जूनला केलं तर सगळं हिरवंगार. ज्या बगचं दिसणं कॅलेंडरवर अवलंबून असतं तो शोधायला आठवडे जातात.

बाजारभावाचा डेटा घेऊन कॉलेज प्रोजेक्ट करणाऱ्यांना हे लगेच पटेल. सरकारच्या ओपन डेटा पोर्टलवरच्या मंडीभावांच्या एपीआयमध्ये आवकेची तारीख दिवस, महिना, वर्ष अशी तिरक्या रेघांनी येते. जुन्या ॲगमार्कनेटच्या अहवालात महिना इंग्रजी तीन अक्षरांत असायचा. कांदा तोच, बाजार तोच, पण नकाशे दोन लागतात. एकाच कोडने दोन्ही वाचायला गेलात तर एक तरी फुटणार.

आता अक्षरं. जावा आणि अँड्रॉइडच्या जगात मोठा एम म्हणजे महिना आणि छोटा एम म्हणजे मिनिट. लक्षात ठेवायला मराठीत सोपं आहे: महिना मोठा, मिनिट छोटं. कुणी महिन्याच्या जागी छोटा एम लिहिला की ५ जूनचं होतं ५ जानेवारी, रात्री १२ वाजून ६ मिनिटं. कारण जूनचा ६ मिनिटांत गेला आणि महिना कुणी सांगितलाच नाही, म्हणून पहिला धरला. एखाद्या डेटाबेसमध्ये सगळेच ग्राहक जानेवारीत जन्मलेले दिसले तर हे तपासा.

छोटा डी म्हणजे महिन्यातला दिवस, मोठा डी म्हणजे वर्षातला दिवस. ५ जून २०२४ हा वर्षातला १५७ वा. छोटा एच म्हणजे १२ तासांचं घड्याळ, मोठा एच म्हणजे २४ तासांचं. एएम-पीएम न सांगता छोटा एच वापरला की दुपारचे साडेबारा रात्रीचे साडेबारा होतात.

आणि सगळ्यात छुपा रुस्तम: वाय. छोटा वाय म्हणजे आपलं नेहमीचं वर्ष. मोठा वाय म्हणजे 'आठवड्याचं वर्ष', म्हणजे तो आठवडा ज्या वर्षाच्या हिशेबात मोडतो ते. वर्षभर दोघं एकच उत्तर देतात, त्यामुळे कुणाला पत्ता लागत नाही. मग डिसेंबरचा शेवट येतो. ३० डिसेंबर २०२४ हा सोमवार होता आणि त्याच आठवड्यात बुधवारी १ जानेवारी आली. मोठा वाय वापरून ती तारीख छापली तर ३० डिसेंबर २०२५ छापून येते. अख्खं वर्ष पुढे! थर्टी फर्स्टला सुट्टीवर असलेल्या इंजिनिअरला फोन येतो तो बहुतेक वेळा याचसाठी, असं माझं खाजगी मत आहे.

पायथॉनवाल्यांनो, तुमच्याकडे एमचं बरोबर उलटं आहे. पर्सेंट छोटा एम म्हणजे महिना, पर्सेंट मोठा एम म्हणजे मिनिट. वर सांगितलेली 'महिना मोठा' ही युक्ती तिथे लावलीत तर तोंडावर पडाल. गो भाषेत तर अक्षरंच नाहीत. तिथे एक ठरलेली नमुना तारीख आहे, २ जानेवारी २००६, दुपारचे ३ वाजून ४ मिनिटं ५ सेकंद, आणि ती तारीख आपल्याला हव्या त्या रूपात लिहायची, तोच पॅटर्न. १ महिना, २ दिवस, ३ तास, ४ मिनिटं, ५ सेकंद, ६ वर्ष. हुशार आहे, पण पहिल्यांदा वाचणारा हमखास विचारतो, ही २००६ कुठून आली?

जावाचा जुना क्लास सिंपलडेटफॉरमॅट, त्याचा स्वभावही माहीत असू द्या. तो मनाने फार उदार आहे. ३१ फेब्रुवारी २०२४ दिली तर नाही म्हणत नाही, २ मार्च करून देतो. वर्ष-महिना-दिवस असा पॅटर्न देऊन उलटी तारीख, म्हणजे ०५-०६-२०२४, दिली तर तो सन ५ च्या जून महिन्याचा २०२४ वा दिवस मोजत बसतो आणि सन १० च्या डिसेंबरमध्ये जाऊन पोचतो. एवढं करूनही एरर नाही. ही उदारता बंद करता येते, सेटलीनियंटला फॉल्स द्यायचं. नाहीतर २०१४ मध्ये जावा ८ बरोबर आलेलं जावा डॉट टाइम वापरायचं. तेही पॅटर्न देऊन वापरलं तर ३१ फेब्रुवारीला मुकाट्याने २९ करून देतं, म्हणून स्ट्रिक्ट मोड लावा. आणि स्ट्रिक्ट लावलंत की वर्षासाठी वायऐवजी छोटा यू लिहा, नाहीतर ते इसवी सन की इसवी सनपूर्व असं विचारत अडून बसेल.

इथपर्यंतचं कुठल्याही भाषेतल्या ट्युटोरियलमध्ये मिळेल. आता जे सांगते ते आपलं घरचं आहे.

आमच्या टीमकडे एक ॲप देखभालीला आलं, दुसऱ्या एका कंपनीने बनवलेलं. काम साधं. गाळ्यावरून शेतकऱ्याला पट्टी पाठवायची. पट्टी माहीत नसेल तर, किती गोण्या आल्या, वजन किती, भाव काय लागला, हमाली-तोलाई-भाडं वजा जाता हातात किती, असा हिशेबाचा कागद. ॲपविषयी तक्रार अशी की काही लोकांची पट्टी जातच नाही. 'काहीतरी चुकलं, पुन्हा प्रयत्न करा' एवढंच येतं. आधीच्या सपोर्टवाल्यांनी त्यावर एक उपाय शोधून ठेवला होता: फोनची भाषा इंग्लिश करा.

आणि तो उपाय चालत होता! म्हणून कुणी खोलात गेलं नाही. मी ज्या दिवाणजींना भेटले ते पन्नाशीचे, मूळचे पाटणकडचे. मी म्हटलं, "काका, इंग्लिश केल्यावर जातं ना?" तर म्हणाले, "जातंय की मॅडम. पण मग बाकीचा फोन मला वाचता येत नाय. पट्टी टाकायच्या टायमाला इंग्लिश करतो, मग पोराकडनं परत मराठी करून घेतो." दिवसाला तीस-चाळीस पट्ट्या, प्रत्येक खेपेला हा खेळ. शेतकरी तिकडे गावी वाट बघतोय की माल काय भावाने गेला.

सर्व्हरच्या लॉगमध्ये एररची ओळ होती: ही तारीख वाचता आली नाही. पुढे तारीख होती २०२४-०६-०५. आता तुम्ही ही ओळ वाचलीत, काही खटकलं? मराठी वाचणाऱ्याची नजर त्यावरून सरळ सरकते. पॅटर्न बरोबर, डॅश बरोबर, क्रम बरोबर. आमच्या टीममधला एक जण चेन्नईचा आहे, त्याला देवनागरी वाचता येत नाही. तो म्हणाला, हे आकडे असे का आहेत?

झालं होतं असं. अँड्रॉइडमध्ये सिंपलडेटफॉरमॅट बनवताना दोन गोष्टी देता येतात, पॅटर्न आणि लोकेल. लोकेल म्हणजे भाषा आणि प्रदेशाची सेटिंग. लोकेल दिलं नाही तर फोनचं चालू लोकेल घेतलं जातं. आणि प्रत्येक भाषेत आकडे कसे लिहायचे, महिन्यांची नावं काय, ही माहिती येते युनिकोड संस्थेच्या सीएलडीआर नावाच्या साठ्यातून. त्या साठ्यात मराठीसाठी ठरलेले आकडे आहेत देवनागरी. हे बरोबरच आहे. सातबाऱ्यावर, शाळेच्या पुस्तकात, बेस्टच्या बसच्या पाटीवर आपण तेच वाचत मोठे झालो. ॲपने माणसाला तारीख दाखवताना ५ जून असंच दाखवायला हवं. पण इथे तीच तारीख माणसाला दाखवायची नव्हती, सर्व्हरला पाठवायची होती.

कॉम्प्युटरच्या दृष्टीने हे दोन वेगळे वर्ण आहेत. इंग्रजी वळणाच्या शून्याचा नंबर ४८, देवनागरी शून्याचा २४०६. सर्व्हरवर जावा डॉट टाइम होतं आणि ते डीफॉल्टने फक्त इंग्रजी वळणाचे आकडे ओळखतं. त्याने ती स्ट्रिंग परत केली, ॲपने त्यावर 'काहीतरी चुकलं' असं पांघरूण घातलं, सपोर्टने त्यावर 'फोन इंग्लिश करा' असं दुसरं घातलं.

मग हे टेस्टिंगमध्ये का सापडलं नाही? मला हाच भाग सगळ्यात जास्त टोचतो. भारतीय भाषेची टेस्ट झाली होती, हिंदीत! आणि हिंदीत सगळं चालतं. कारण आजच्या सीएलडीआरमध्ये हिंदीचे ठरलेले आकडे इंग्रजी वळणाचे आहेत. लिपी एक, अक्षरं एक, आकडे वेगळे. राज्यघटनेच्या कलम ३४३ मध्ये केंद्राच्या कामकाजासाठी हिंदी देवनागरी लिपीत, पण आकडे मात्र आंतरराष्ट्रीय वळणाचे, असंच म्हटलेलं आहे. तेव्हा 'हिंदीत चाललं म्हणजे मराठीत चालेल' हे गृहीत धरणाऱ्या प्रत्येक टीमला हा बग मिळणार.

सगळीकडे तो एकसारखा दिसतही नाही, हा आणखी ताप. पायथॉनच्या इंट फंक्शनला देवनागरीतलं २०२४ द्या, ते बिनतक्रार संख्या करून देतं. जावाचं पार्सइंट पण देतं. जावास्क्रिप्टचं नंबर मात्र 'ही संख्याच नाही' म्हणतं. त्यामुळे एका सर्व्हरवर चालणारं ॲप दुसऱ्या सर्व्हरवर हलवलं की अचानक फक्त मराठी फोनवाले अडतात, आणि सगळे म्हणतात, काल तर चालत होतं.

दुरुस्ती एका शब्दाची. यंत्राला पाठवायची तारीख बनवताना लोकेल स्पष्ट सांगायचं, लोकेल डॉट यूएस. अँड्रॉइडचं स्वतःचं डॉक्युमेंटेशन हेच सांगतं आणि अँड्रॉइड स्टुडिओ पिवळी रेघ मारून आठवणही करतो. त्या पिवळ्या रेघेकडे बघायची आपल्याकडे पद्धत नाही, हा वेगळा मुद्दा. अँड्रॉइड ८ आणि पुढे जावा डॉट टाइमचा डेटटाइमफॉरमॅटर वापरता येतो. तो डीफॉल्टने इंग्रजी वळणाचेच आकडे छापतो, फोनची भाषा कुठलीही असो. तरी लोकेल लिहाच.

कारण उलटा प्रवासही आहे. सर्व्हरकडून किंवा बँकेच्या मेसेजमधून इंग्रजी महिन्याची तारीख आली, तीन अक्षरांचा जून, आणि ॲपने ती फोनच्या लोकेलने वाचायला घेतली. मराठी लोकेलमध्ये महिन्यांच्या यादीत देवनागरीतला 'जून' आहे, इंग्रजी अक्षरांचा नाही. जुळत नाही, एरर. इथे तर नवा क्लाससुद्धा वाचवत नाही. आणि हे फक्त मराठीचं दुखणं आहे असं समजू नका. ब्रिटिश इंग्रजीत सप्टेंबरचं लघुरूप तीन अक्षरांचं होतं, सीएलडीआरने ते चार अक्षरांचं केलं, आणि जावा १६ वर गेलेल्या प्रोग्रामना ब्रिटिश लोकेलमध्ये सप्टेंबर वाचता येईना. भाषा बदलत राहतात, त्यांचा साठाही बदलत राहतो. यंत्रा-यंत्रातल्या तारखेत महिन्याचं नाव येऊच देऊ नका. वर्ष-महिना-दिवस, मध्ये डॅश, सगळे आकडे, आयएसओ ८६०१ प्रमाणे. १९८८ पासून हे प्रमाण आहे.

टाइमझोनवर वेगळा भाग करणार आहे, आज एवढंच. जावास्क्रिप्टला आयएसओ पद्धतीची नुसती तारीख दिली तर ती ग्रीनिचची मध्यरात्र धरते, म्हणजे आपले पहाटेचे साडेपाच. आणि आपली मध्यरात्र टूआयएसओस्ट्रिंगने बाहेर काढली तर आदल्या दिवशीचे संध्याकाळचे साडेसहा दिसतात. जन्मतारीख एक दिवस मागे गेलेली दिसली की पॅटर्न नंतर तपासा, आधी हे बघा.

आमचं काम लोकेल लिहून संपलं नाही. त्या ॲपमध्ये पट्ट्या फोनवरही साठवल्या जायच्या, तारीख साध्या टेक्स्टच्या रकान्यात. म्हणजे दिवाणजींच्या फोनवर निम्म्या तारखा देवनागरी आकड्यांत, निम्म्या इंग्रजी. टेक्स्टची क्रमवारी वर्णाच्या नंबरवरून लागते. २४०६ हा ४८ पेक्षा कितीतरी मोठा. त्यामुळे 'नवी पट्टी वर' असं लावलं की देवनागरी आकड्यांची जुनी पट्टीसुद्धा आजच्या इंग्रजी पट्टीच्या वर बसायची. मार्चचा कांदा जूनच्या कांद्यावर. तारीख टेक्स्ट म्हणून साठवू नये असं मी जे दर तिसऱ्या भागात बडबडते ते यासाठी.

ते निस्तरायला ॲपच्या नव्या आवृत्तीत एक छोटी पायरी घातली. रकान्यातला प्रत्येक वर्ण बघायचा, त्याचा नंबर २४०६ ते २४१५ मध्ये असेल तर त्यातून २४०६ वजा करायचे, ४८ मिळवायचे, आणि मग स्ट्रिक्ट मोडमध्ये पार्स करायचं. पार्स झालं तर तारखेच्या खऱ्या रकान्यात टाकायचं. नाही झालं तर तिला हात न लावता वेगळी काढून ठेवायची, अंदाज करायचा नाही. हिशेबाचा कागद आहे, त्यावर प्रोग्रामने स्वतःच्या मनाने तारीख लिहिणं बरं नाही.

तुमच्या हातात एखादं ॲप असेल, कॉलेजचं असो की कंपनीचं, तर आज रात्री फोनची भाषा मराठी करा आणि तारखेचा प्रत्येक स्क्रीन उघडून बघा: नोंदणी, जन्मतारीख, बिल, फिल्टर, शोध. मग बंगाली करा, नेपाळी करा, जमलं तर फारसी करा, कारण त्यांच्याकडेही स्वतःचे आकडे आहेत. तारीख निवडताना ५ तारीख नको, २५ निवडा, म्हणजे दिवस-महिना उलटले असतील तर तेही त्याच वेळी कळेल. आणि सेटिंग्जमध्ये भाषा बदलायचा पर्याय कुठे आहे ते आधी नीट बघून ठेवा. फारसीतून परत यायला मला वीस मिनिटं लागली होती.